हिरा, क्वार्ट्झ आणि ‘स्यात्’

हिऱ्याची पारख करताना वजन, रंग, शुद्धता आणि घाट पाहिला जातो. तो घासणाऱ्या कारागिराला मात्र दिशाही पाहावी लागते. हिऱ्याची एक बाजू एका दिशेने चाकावर धरली असता तुलनेने सहज घासली जाते. तीच बाजू थोडी फिरवून धरली की दाद देत नाही. हिरा हिऱ्याच्याच भुकटीने घासता येतो, तोही याच कारणाने. भुकटीतील कण सर्व दिशांना वळलेले असतात आणि त्यांपैकी कठीण दिशा पुढे असलेले कण हिऱ्याची मऊ दिशा झिजवतात.

जी गोष्ट कठीणपणाची, तीच स्थितिस्थापकतेची. दाब दिल्यावर पदार्थ किती दबतो आणि दाब काढल्यावर पूर्ववत कसा होतो, याचे माप म्हणजे स्थितिस्थापकता. काचेत हे माप सर्व दिशांना सारखे असते. स्फटिकात अणू ठरावीक रांगांत बसलेले असल्यामुळे ते दिशेनुसार बदलते. हिऱ्याची ताठरता घनाकृतीच्या कडेच्या दिशेने सुमारे 1,050 गिगापास्कल, तर कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे सुमारे 1,200 भरते. क्वार्ट्झमध्ये ती मुख्य अक्षाच्या दिशेने शंभराहून थोडी अधिक, तर त्याला काटकोनात असलेल्या आडव्या अक्षाच्या दिशेने सुमारे 78 असते.

जर्मन शास्त्रज्ञ वोल्डेमार फोख्ट यांनी अनेक खनिजांची अशी मापे घेतली आणि 1910 मध्ये स्फटिकांच्या भौतिकीवर मोठा ग्रंथ सिद्ध केला. काचेचे वर्णन 2 स्थिरांकांत पुरे होते. हिऱ्याला 3 लागतात, क्वार्ट्झला 6, आणि ज्यांच्या रचनेत सममिती अत्यल्प आहे अशा खनिजांना तब्बल 21.

या भेदाचा उपयोगही मोठा आहे. क्वार्ट्झच्या चकतीची नियमित कंपने कालमापनाला उपयोगी पडतात. परंतु उष्णतेने ताठरता बदलली की कंपनांचा वेग बिघडतो. क्वार्ट्झचा एक स्थिरांक तापल्यावर वाढतो, तर दुसरा घटतो. मुख्य अक्षाशी सुमारे 35 अंशांचा कोन ठेवून चकती कापली, तर नेहमीच्या तापमानात हे दोन्ही परिणाम जवळजवळ एकमेकांना छेदतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने 1934 मध्ये ही कापणी प्रसिद्ध केली. पुढे रेडिओ आणि संगणक यांत ती रूढ झाली.

हे विज्ञान आगमांत आधीच सांगितले होते, असा दावा करण्याचे कारण नाही. मात्र वस्तू अनेकधर्मी आहे, असे मानणाऱ्या जैन विचाराला हे उदाहरण जवळचे वाटावे. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे. ‘एका अपेक्षेने’ असा त्याचा अर्थ. क्वार्ट्झची ताठरता 78 आहे, हे विधान एका दिशेपुरते निश्चित सत्य आहे आणि दुसऱ्या दिशेपुरते निश्चित असत्य. अनेकांत सर्व मतांना सारखेच खरे ठरवत नाही. तो विधानासोबत त्याची दिशा सांगण्याचा आग्रह धरतो.

पेढीवर उधारी मागताना संकोचणारा मुलगा ‘व्यापाराच्या कामाचा नाही’ असे घरात एकदा ठरले की ते मत सहसा बदलत नाही. कदाचित खरेदीत, हिशेबात किंवा माणसे जोडण्यात तोच भक्कम असेल. त्याच्याविषयी कायमचा निर्णय देण्यापूर्वी त्याला आजवर कोणत्या एकाच दिशेने जोखले गेले, एवढे तरी वडीलधाऱ्यांनी पाहावे.