कॉर्टिसोल म्हणजे शरीराचे हातउसने पैसे!



"सर, धंदा म्हटलं की टेन्शन आलंच ना?" प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. टेन्शन येणारच, पण त्याला मुक्कामाला ठेवू नका.

आधी शरीरात काय होतं ते बघू. चेक बाउन्स झाल्याचा मेसेज आला. मेंदूतून इशारा निघतो आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी कॉर्टिसोल सोडतात. हे हार्मोन रक्तातली साखर वाढवतं, म्हणजे लगेच ताकद मिळते. पचनासारखी 'नंतर बघू' वाली कामं मागे पडतात. संकट टळलं की पातळी खाली येते. एरवीसुद्धा सकाळी उठल्यावर कॉर्टिसोल सगळ्यात जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी. म्हणजे ते काही शत्रू नाही!

मी त्याला हातउसने पैसे म्हणतो. अडचणीला घेतले, वेळेत फेडले, काहीच वाईट नाही. पण रोजचं दुकानच उसनवारीवर चालवलं तर? साखर बनवायला कॉर्टिसोल स्नायूंमधलं प्रोटीनही मोडतं. म्हणजे घरातलं सोनं मोडून घरखर्च! पातळी महिनोन्महिने चढी राहिली की झोप बिघडते, पोट सुटतं, बीपी आणि शुगर वाढण्याचा धोका असतो, लक्षात राहत नाही. आणि चिडचिडा, विसराळू मालक कोटेशन चुकवतो, जुनं गिऱ्हाईक तोडतो. नुकसान शेवटी गल्ल्याचंच.

म्हणून "मी चारच तास झोपतो" असं अभिमानाने सांगणाऱ्यांशी माझं पटत नाही. तसंच, "टेन्शन घेऊ नकोस" हा सल्लाही फुकटचा आहे. दुकानभाडं थकलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? टेन्शनचं मूळ बहुतेक वेळा अडकलेल्या पैशात असतं. तिथेच हात घाला.

उधारी वसुलीचा एक वार ठरवा. हिशोब शटर ओढायच्या आधी संपवा. रात्री अकराला अंथरुणात उधारीची वही उघडू नका, कारण त्या वेळी ना पार्टी फोन उचलणार, ना बँक उघडी. फक्त तुमची झोप जाणार. मोठा निर्णय सकाळी घ्या. आणि 'कॉर्टिसोल कमी करणारी' पावडर विकत घेण्याआधी तेच पैसे पुढच्या महिन्याच्या भाड्यासाठी बाजूला टाका. झोप, बीपीचा त्रास सुरूच राहिला तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

धंद्यात पहिलं भांडवल तुमचं शरीर आहे. ते उसनवारीवर चालवू नका. भेटूया पुढच्या व्हिडिओत!