दहा घरांचा खेळ



वैतरण्याहून एका ज्येष्ठ भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नका म्हणतात, म्हणून छापत नाही. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत त्यांनी २२ वर्षे पॅकिंगचे काम केले. तेही ठेकेदाराच्या हाताखाली, म्हणजे अखेरपर्यंत कायम न होता. घराची डागडुजी करताना पत्र्याच्या पेटीत त्यांना मुलाचा जुना व्हिडिओ गेम सापडला. मुलगा आता दोन लेकरांचा बाप आहे. त्याने तो हातात घेतला आणि मोबाइलमध्ये डोके घालून बसलेल्या आपल्या पोराला म्हणाला, "आमच्या वेळचे गेम चांगले होते." बाई लिहितात, "भाऊ, याच गेमवरून मी त्याला चार वर्षे बोलत होते. अभ्यास बुडवतो म्हणून दोनदा डब्यात लपवून ठेवला. आता तोच चांगला कसा झाला? तुम्हीच सांगा, तो खरंच चांगला होता का?"

वाचकहो, प्रश्न खेळण्याचा असला तरी तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या घरांत खेळण्यावर खर्च होत नसे. जत्रेतली शिट्टी, टायरचे चाक, फार तर प्लॅस्टिकचा चेंडू. अशा घरात एका वेळी शंभराची नोट मोडून आलेली ही बहुधा पहिलीच वस्तू. ती चांगली होती की वाईट, हे विचारण्याचा त्या माउलीला पुरा हक्क आहे.

१९९० नंतरच्या वर्षांत ज्यांची मुले लहान होती त्यांना हा गेम सांगायला नको. नव्या पिढीसाठी सांगतो. वीतभर लांबीचा प्लॅस्टिकचा डबा, वर कॅल्क्युलेटरसारखी करडी काच, खाली डाव्या-उजव्या हाताची बटणे. आत पेन्सिल सेल. काचेवर आडवी १० आणि उभी २० अशी चौकोनी घरे. वरून चार-चार चौकोनांच्या विटा पडायच्या, कधी सरळ, कधी वाकड्या. त्या फिरवून अशा बसवायच्या की आडवी ओळ भरली पाहिजे. ओळ भरली की नाहीशी होई. जागा चुकली की विटा साचत जात, वरपर्यंत आल्या की खेळ खलास. मुले त्याला 'ब्रिक गेम' म्हणत, आया 'ते टुक टुक' म्हणत.

वैतरणा, सफाळे, केळवे रोड या बाजूला त्याला भरपूर वेळही होता. डहाणू रोडपर्यंत लोकल गेली ती २०१३ च्या एप्रिलमध्ये. त्याआधी सारा कारभार शटलचा आणि मोजक्या पॅसेंजरचा. एक गाडी चुकली की पुढची येईपर्यंत फलाटावर बसून राहायचे. शाळेला जाणारी मुले आणि पहिल्या पाळीला जाणारे कामगार एकाच बाकावर. एकाच्या हातात गेम आणि पाचजण त्याच्या खांद्यावरून वाकलेले, हे दृश्य त्या काळी कोणत्याही स्टेशनात दिसे.

गंमत अशी की असल्या हातातल्या खेळाचा जन्मही आगगाडीतच झाला म्हणतात. जपानमध्ये निन्टेन्डो नावाची कंपनी आहे, मूळची पत्ते छापणारी. तिच्या कारखान्यात १९६५ साली गुनपेई योकोई नावाचा तरुण यंत्रांच्या देखभालीला लागला. म्हणजे आपल्याकडचा मेंटेनन्सवाला. रिकाम्या वेळात त्याने स्वतःच्या करमणुकीसाठी एक लांबणारा हात बनवला. मालकाने तो पाहिला आणि त्याचे खेळणे करून बाजारात आणले. पुढे हाच योकोई गाडीतून जात असताना त्याला एक कंटाळलेला प्रवासी दिसला. तो कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसला होता. त्यावरून १९८० मध्ये कंपनीचा खिशातला पहिला छोटा गेम निघाला, आणि १९८९ मध्ये 'गेम बॉय'.

या माणसाचा एक विचार आमच्या आयाबायांना पटकन कळेल. तो म्हणे, नवेकोरे महाग तंत्र कशाला घ्यायचे? जुने, रुळलेले, स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि त्याचाच नवा उपयोग शोधावा. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणारीला हे वेगळे शिकवावे लागत नाही. म्हणून गेम बॉयची काच रंगीत नव्हती, हिरवट-करडी होती, आत दिवाही नव्हता. त्याच सुमारास दुसऱ्या कंपन्यांनी रंगीत, उजेडाचे गेम काढले. दिसायला झकास! पण सेगा कंपनीचा गेम ६ पेन्सिल सेल घेई आणि ३ ते ५ तासांत ते संपवी. गेम बॉय ४ सेलवर १५ तासांच्या आसपास चाले. रंगीतवाले मागे पडले. गेम बॉय आणि त्याचा पुढचा रंगीत भाऊ मिळून जगात ११ कोटींहून अधिक खपले.

आता आपल्या वस्तीत अस्सल गेम बॉय कोणी पाहिला असेल असे वाटत नाही. तो परदेशात नातेवाईक असलेल्यांच्या घरचा. आपल्याकडे आला तो त्याचा गरीब चुलत भाऊ. चीनमधून आलेला, बहुतेकांवर धड कंपनीचे नावही नसलेला, फुटपाथवर पसरलेल्या प्लॅस्टिकवर ठेवलेला. पण योकोईचा हिशेब त्याच्याही अंगी होता: साधी काच, थोडे सेल, मजबूत डबा. हातातून पडला तरी पुन्हा चालू होई. आजचा फोन पडला की अर्धा पगार जातो.

आणि खेळ? तो विटांचा खेळ कोणाचा? मॉस्कोच्या सरकारी विज्ञान अकादमीत काम करणारा अलेक्सेई पाजित्नोव याने १९८४ साली तो रचला. नाव 'टेट्रिस'. खेळ जगभर गेला, गेम बॉयबरोबरही तोच दिला गेला, त्यावर कंपन्या गब्बर झाल्या. त्याचे हक्क मात्र सोव्हिएत सरकारच्या खात्याकडे होते. रचणाऱ्याला त्याचा वाटा मिळू लागला १९९६ मध्ये, म्हणजे १२ वर्षांनी. फुटपाथवरच्या नकलेतून तर त्याला दमडीही मिळण्याचा प्रश्न नव्हता. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या नावाच्या खोक्यांत माल भरला त्यांना यात नवल वाटणार नाही.

वाईट काय होते तेही सांगितले पाहिजे. पहिली गोष्ट, डब्यावर लिहिलेले असे: '९९९९ गेम'. शुद्ध थाप. मोजायला बसले तर खेळ बोटांवर मोजण्याइतके: विटा, रणगाडा, मोटारींची शर्यत, साप, रस्ता ओलांडणारा बेडूक असे. त्यांचाच वेग आणि पायऱ्या बदलून तो आकडा फुगवलेला. लहान वयात जाहिरात ओळखण्याचा तो पहिला धडा ठरला असेल, पण ठरवून दिलेला नव्हे. दुसरी गोष्ट सेलची. गेम एकदाच घ्यायचा, सेल मात्र पुन्हा पुन्हा. रेडिओतले सेल काढून गेममध्ये घालणे आणि बाबा बातम्या लावायला गेले की घरात बोंबाबोंब होणे, हा प्रकार घरोघर झाला. संपलेले सेल उन्हात ठेवून, दाताने चावून पुन्हा चालवण्याचे उद्योगही मुलांनी केले. चावणे तर फारच धोक्याचे. अशा सेलांचे शेवटी गटारातच विसर्जन होई.

तिसरे, काचेमागे दिवा नव्हता. २००५ नंतरची ती भारनियमनाची वर्षे आठवा. तारापूरला १९६९ पासून अणुवीज निघते, आणि तिच्या शेजारच्या पाड्यांत रात्री कंदील. त्या अंधारात गेमचा काही उपयोग नसे. पण हा दोष म्हणावा का, याबद्दल आमचे मत वेगळे आहे. दिवस मावळला की खेळ आपोआप बंद होई. आईला ओरडावे लागत नसे. आजचा मोबाइल पांघरुणातही उजेड पाडतो.

पेटीत सापडलेल्या गेमबद्दल जाता जाता: सेल आत फुटून पांढरट-हिरवी पूड जमली असेल तर उघड्या हाताने खरवडू नका. हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून कोरड्या जुन्या ब्रशने पूड झाडा, स्प्रिंगा बारीक पॉलिश पेपरने घासा, हात साबणाने धुवा, मग नवे सेल घालून पाहा. काचेवरच्या काही ओळी दिसत नसतील तर मोबाइल दुरुस्तीवाल्याला दाखवा. आणि वापर नसेल तेव्हा सेल काढूनच ठेवा.

आता धम्माचे काय? त्या काळी वस्तीतल्या वडीलधाऱ्यांचा या गेमवर मोठा राग. एकीकडे जयंतीला विहारात सलग १८ तास अभ्यासाला बसणारी मुले, दुसरीकडे हे टुक टुक. 'बाबासाहेब दिव्याच्या उजेडात शिकले आणि तू बटणे दाबतोस,' हे वाक्य कोणत्या मुलाने ऐकले नाही? दीघनिकायात ब्रह्मजाल सुत्त आहे. त्यात श्रमण गोतम कोणकोणत्या खेळांपासून दूर राहतात याची यादी दिली आहे. आठ घरांच्या पटावरचा खेळ, दहा घरांच्या पटावरचा खेळ, फासे, चेंडू, पानाची पिपाणी, खेळण्यातला नांगर, खेळण्यातली गाडी. आमच्या गेमलाही आडवी दहाच घरे, हा योगायोग. त्या यादीत 'आकास' नावाचा एक खेळ आहे, पट समोर नसताना मनातल्या मनात पट धरून खेळण्याचा. ब्रिक गेम खेळून झोपणाऱ्या मुलांना मिटल्या डोळ्यांपुढे विटा पडताना दिसत, ते हेच की! हार्वर्डच्या संशोधकांनी २००० साली टेट्रिस खेळणाऱ्यांना झोप लागताना हीच चित्रे दिसतात असे नोंदवले.

पण ती यादी घरदार सोडलेल्यांसाठी आहे, सातवीतल्या पोरासाठी नाही. गृहस्थांसाठीचा उपदेश सिगालोवाद सुत्तात आहे. तिथे संपत्तीच्या नाशाची सहा दारे सांगितली आहेत: दारू, अवेळी रस्त्यावर भटकणे, तमाशे, जुगार, वाईट संगत आणि आळस. जुगार आहे, खेळ नाही. हा फरक आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. ब्रिक गेममध्ये हरलात तर विटा वर येत आणि काच भरून जाई. खिशातून काही जात नसे. पुढची पायरी विकत घ्या असे तो म्हणत नसे, आणि कपाटात ठेवला तर तो तुम्हाला हाक मारीत नसे.

मोबाइलवरच्या रमीने आणि पैजांनी आपल्या कामगार वस्तीत काय केले ते वाचकांना माहीत आहे. पगार झाला की रात्रीतून जाई, आणि घरी सांगायला तोंड नसे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कायदा झाला तरी मुलाच्या फोनमध्ये काय आहे हे घरातल्यांनी पाहायला हवेच. फसवणुकीत पैसे गेले असतील तर लाजू नका, १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा.

तेव्हा ताई, उत्तर असे. वस्तू म्हणून तो गेम चांगला होता: स्वस्त, टिकाऊ, मर्यादेतला. बुद्धीला चालना देणारा म्हणून त्याची जेवढी आरती आज ओवाळली जाते तेवढा काही नव्हता. तुमचा मुलगा आठवण सांगतो आहे, आणि आठवणीत सेलचा खर्च आईने केलेला असतो. तुम्ही रागावत होता तेही योग्यच होते. दिवसभर उभे राहून, शटलमध्ये लोंबकळत घरी आल्यावर भरलेली घागर हवी असते, टुक टुक नको असते.

पण पत्रातली एक ओळ तुम्ही घाईत लिहिली आहे, तिच्यापाशी थांबावे लागते. "मुलगी त्यात भावापेक्षा हुशार होती, पण तिला भांडी आटोपल्यावर मिळायचा." घरोघर असेच झाले. गेम 'दादाचा'. ताईने पाणी भरायचे, भाकरी करायची, धाकट्याला सांभाळायचे, आणि दादा कंटाळला की मग दहा मिनिटे, तेही अंधार पडत आलेला, काचेवरचे धड दिसेना. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी असे सांगितले. ते आपण भाषणांत दरवर्षी ऐकतो. पण खेळायला मोकळा वेळ कोणाला मिळतो, हे माप आपण घरात कधी लावले? अभ्यासाला वेळ हवा असे आपण मुलीच्या बाबतीत आता मान्य केले आहे. नुसत्या खेळालाही हवा, हे अजून मान्य झालेले नाही. आजही फोन आधी मुलाच्या हाती जातो.

या गेमची आणखी एक खोड होती. सेल काढले की सर्वांत मोठ्या गुणांचा आकडा पुसला जाई. पुरावा राहत नसे. ताईंच्या मुलीने म्हणून आपला आकडा दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवला होता, खाली तारीख. भावाला तो कधी ओलांडता आला नाही, असे ताई लिहितात. या डागडुजीत त्या दाराला रंग दिला गेला. आकडा मुलीला अजून पाठ आहे. ज्या भगिनींचे असे आकडे असतील त्यांनी ते कळवावेत, पुढच्या अंकात नावासकट छापू.