आघाडी : एक शब्द, अनेक रणे

सैन्याचा पुढे चालणारा भाग ती आघाडी आणि मागून येणारा भाग ती पिछाडी. एवढे सांगितले की या शब्दाचा अर्थ संपला, अशी समजूत आमच्या वर्गांतून आढळते. 'समानार्थी शब्द लिहा' या एका गुणाच्या प्रश्नाने ती अधिकच घट्ट होते. आमच्या मते 'आघाडी'सारख्या शब्दाला असा प्रश्न विचारणेच अन्यायाचे आहे.

पेशवाईत सैन्याच्या अग्रभागाला 'बिनी' असेही म्हणत. विसाजी कृष्ण बिनीवाले यांच्या नावात तो शब्द टिकला; एरवी 'बिनीचा शिलेदार' या एका प्रयोगात तो अडकून पडला. 'आघाडी' मात्र रणातून बाहेर पडली. (पागेतही तिचे एक भावंड होतेच: घोड्याचा पुढचा दोर अगाडी, मागच्या पायांचा पिछाडी.) एकाच जागेचे दोन शब्द, एकाचा संकोच झाला, दुसऱ्याचा विस्तार. भाषाविज्ञानाच्या तासाला याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

या विस्ताराच्या फांद्या ओळखायच्या कशा? दोन कसोट्या पुरतात: विरुद्धार्थी शब्द आणि अनेकवचन. मतमोजणीत उमेदवार 'आघाडीवर' असतो, तेव्हा समोर 'पिछाडी' उभी असते. येथे अर्थ क्रमाचा. सरकार 'सर्व आघाड्यांवर' अपयशी ठरते, तेव्हा पिछाडीचा प्रश्नच उद्भवत नाही. येथे अर्थ शत्रूशी गाठ पडण्याच्या जागेचा. १९७७ ते २०११ या काळात पश्चिम बंगालमध्ये 'डावी आघाडी' सत्तेवर होती. २०१९ साली महाराष्ट्रात 'महाविकास आघाडी' आली. येथे अर्थ एकत्र येण्याचा, आणि इंग्रजीतील 'फ्रंट'ची त्यावरची छाया स्पष्ट आहे. म्हणूनच 'आघाडी पिछाडीवर' हे वाक्य वाचताना मराठी माणूस अडखळत नाही. 'मूळ अर्थ' तेवढा खरा मानणाऱ्याला मात्र ते वाक्य लागणार नाही.

तथापि सर्व अर्थ सारखेच निरुपद्रवी आहेत, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. महाराष्ट्राच्या राजकारणात 'आघाडी'शेजारी 'युती' हा शब्द नांदतो. युती ग्रहांची होते; तिला शत्रू लागत नाही. आघाडीला समोर कोणीतरी लागतो. शब्द निवडणारे पक्ष हा भेद पाळतात असे नव्हे. शब्द मात्र तो पाळतो. 'कशासाठी' एकत्र आलो याच्या आधी 'कोणाविरुद्ध' हे त्याने सांगून टाकलेले असते. शिवाय सैन्यात आघाडी ही पहिला घाव झेलण्याची जागा होती. 'आघाडीचे लेखक' म्हणताना त्या जागेचा मान तेवढा आपण घेतो. जोखीम रणातच राहते.

मराठवाड्याने याची उलट बाजूही पाहिली आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले. परभणी जिल्हा त्याच संस्थानात होता. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. पण या लष्करी मोहिमेचे नाव रूढ झाले ते 'पोलीस अ‍ॅक्शन'. तेथे रणाला नागरी नाव मिळाले. येथे नागरी व्यवहाराला रणाचे मिळते. दोन्हीकडे नाव हा केवळ पत्ता नसतो, तो पक्षही असतो.

आमचे विद्यार्थी उद्या बातम्या लिहितील, वर्ग घेतील, मतदान तर करतीलच. त्यांना एका शब्दाचा एक पर्याय पाठ करून देण्यात त्यांचे हित नाही. प्रश्नपत्रिकेत 'आघाडी'ची तीन वाक्ये द्यावीत आणि प्रत्येकीत समोर कोण उभे आहे, हे विचारावे. गुण एकाऐवजी तीन द्यावे लागतील, एवढाच काय तो खर्च.