गिऱ्हाईकाच्या पुढ्यात दुकान मांडणारे कारखानदार

मोटारींच्या शर्यती हा बड्या लोकांचा शौक, त्याच्याशी आपल्या बाजारपेठेचे काय देणेघेणे, असे आमचे काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण युरोपातील ग्रँड टुरिंग म्हणजेच जीटी शर्यतींचा गेल्या तीस वर्षांचा जमाखर्च मांडून पाहिला, तर त्यात व्यापाराचा एक जुना सवाल उभा राहतो. ज्याला माल विकला, त्याच गिऱ्हाईकाशी कारखानदाराने स्पर्धा करावी काय? करू नये, असे आमचे मत आहे. त्याची कारणे आम्ही येथे देत आहोत.

आधी जीटी म्हणजे काय ते पाहू. फॉर्म्युला वनची गाडी केवळ शर्यतीसाठीच बनते. जीटीचा मूळ दंडक निराळा आहे. जी गाडी रस्त्यावर चालते, जी शोरूममध्ये पैसे मोजून कोणालाही घेता येते, तीच थोडेफार फेरफार करून शर्यतीत उतरवायची. म्हणून नियम असा की, कारखान्याने त्या नमुन्याच्या ठराविक रस्त्याच्या गाड्या बनवल्या पाहिजेत, तरच शर्यतीची मान्यता मिळेल. नियम चांगला, पण पळवाटा शोधणारे पहिल्यापासूनच होते. १९६२ साली फेरारीने २५० जीटीओ ही गाडी आणली. नियम शंभर गाड्यांचा होता आणि प्रत्यक्षात बनल्या अवघ्या ३६. ही नवी गाडी नसून आमच्या जुन्या २५० जीटीचाच सुधारित नमुना आहे, असा दावा करून फेरारीने मान्यता पदरात पाडून घेतली.

आता नव्वदीच्या दशकाकडे येऊ. १९९२ नंतर स्पोर्ट्स कारची जागतिक स्पर्धा बंद पडली. कारखान्यांनी खर्च इतका वाढवून ठेवला होता की शेवटी मैदानात मोजक्याच गाड्या उरल्या. त्या पडक्या वाड्यात १९९४ साली तिघांनी पुन्हा दिवा लावला. युर्गेन बार्थ, पॅट्रिक पीटर आणि स्टेफान राटेल ही त्यांची नावे. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्या मालिकेला बीपीआर म्हणू लागले. तिचे गिऱ्हाईक कोण? स्वतःच्या खिशातून गाडी घेणारे हौशी मालक आणि त्यांच्यासाठी गाडी सांभाळणारे छोटे संघ. पोर्श, फेरारी एफ-४० अशा गाड्या तेथे पळू लागल्या.

याच सुमारास ब्रिटनच्या मॅकलारेन कंपनीने एफ-१ नावाची रस्त्याची गाडी काढली होती. गॉर्डन मरे या अभियंत्याने ती केवळ रस्त्यासाठी आखली होती. शर्यतीचा विचार त्याच्या मनात नव्हता. तीन जणांची बैठक, चालक मधोमध, बीएमडब्ल्यूचे १२ सिलिंडरचे इंजिन आणि सांगाडा कार्बन फायबरचा. ब्रिटिश उद्योजक रे बेल्म आणि जर्मन बँकर थॉमस ब्शर यांनी कंपनीच्या मागे लागून तिची शर्यतीची आवृत्ती करवून घेतली. म्हणजे येथे मागणी गिऱ्हाईकाने केली आणि कारखान्याने ती पुरवली. शर्यतीच्या नियमाप्रमाणे इंजिनात जाणारी हवा रोखावी लागे, त्यामुळे शर्यतीच्या मॅकलारेनची ताकद रस्त्याच्या गाडीपेक्षाही कमी होती. मूळ माल किती अस्सल होता, याचा हा पुरावाच समजा.

१९९५ च्या जूनमध्ये फ्रान्समधील ले माँच्या २४ तासांच्या शर्यतीत, भर पावसात, या गाडीने खास शर्यतीसाठी बनवलेल्या गाड्यांनाही मागे टाकून पहिला क्रमांक पटकावला. यानिक दालमास, मासानोरी सेकिया आणि जे. जे. लेहटो हे तिचे चालक. तिसरा, चौथा आणि पाचवा क्रमांकही मॅकलारेननेच घेतला. विजयी गाडी कंपनीची चाचणीची गाडी होती हे खरे, पण ती सांभाळणारा संघ बाहेरचा होता. एकूण १०६ एफ-१ गाड्या बनल्या, त्यातील २८ शर्यतीच्या. कारखान्याचा माल खपला, गिऱ्हाईकाचे नाव झाले, मैदान गाड्यांनी भरले. सौदा दोन्ही बाजूंना बरकतीचा होता.

मग १९९६ साल उजाडले आणि पोर्शने ९११ जीटी-१ मैदानात आणली. नाव ९११, तोंडवळा ९११ चा. पण आपल्या वाचकांतील मेकॅनिक मंडळी जाणतात की ९११ चे इंजिन मागच्या आसाच्याही मागे असते. या गाडीत ते आसाच्या पुढे, गाडीच्या मध्यभागी होते. पुढचा भाग तेवढा रस्त्याच्या गाडीचा, मागचा सगळा शर्यतीचा. त्या वर्षी ले माँला ती एकूण दुसरी व तिसरी आली. नंतर बीपीआरच्या ब्रँड्स हॅच आणि स्पा येथील शर्यतीत पाहुणी म्हणून उतरली व जिंकून गेली. पाहुणीला गुण मिळत नव्हते, तरीही संदेश सर्वांना पोचला. ज्यांनी पदरचे पैसे घालून रस्त्याच्या गाडीवरून बनवलेली गाडी घेतली होती, त्यांचा माल एका मोसमात जुना झाला.

१९९७ साली बीपीआरच्या जागी आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाची एफआयए जीटी स्पर्धा सुरू झाली आणि मर्सिडीज उतरली. तिच्या एएमजी विभागाने १९९६ च्या डिसेंबरात काम हाती घेतले आणि अवघ्या चार-साडेचार महिन्यांत सीएलके जीटीआर ही गाडी उभी केली. अभ्यासासाठी त्यांनी प्रतिस्पर्ध्याची मॅकलारेनच विकत घेतली होती. यात आम्ही काही गैर मानत नाही. दुसऱ्याचा नमुना उलगडून पाहणे ही कारागिरीची जुनीच रीत आहे. आमचा आक्षेप पुढच्या गोष्टीला आहे. पूर्वी रस्त्याची गाडी आधी बनायची आणि तिच्यावरून शर्यतीची. येथे शर्यतीची गाडी आधी बनली. एप्रिल १९९७ मध्ये ती पळू लागली आणि मान्यतेसाठी लागणाऱ्या पंचवीसेक रस्त्याच्या गाड्या सावकाश मागाहून, १९९८-९९ मध्ये तयार झाल्या. एकेकीची किंमत पंधरा लाख डॉलरच्या वर. नाव सीएलके, पण शोरूममधल्या सीएलकेशी तिचे नाते दिवे आणि पुढच्या जाळीपुरतेच. दुकानावर पाटी एका मालाची आणि आत माल दुसराच, असा हा प्रकार.

परिणाम काय झाला? १९९७ चे विजेतेपद मर्सिडीजच्या बेर्न्ड श्नायडरने घेतले. १९९८ साली स्पर्धेच्या दहाच्या दहा शर्यती मर्सिडीजने जिंकल्या, आणि रिकार्डो झोंटा व क्लाउस लुडविग विजेते ठरले. बीएमडब्ल्यू १९९७ नंतरच निघून गेली होती. फेरारीने एफ-५० ची शर्यतीची गाडी तयार करूनही मैदानात आणली नाही. स्वतःच्या पैशाने पळणारे बहुतेक मालक बाजूला झाले, कारण कारखान्याच्या तिजोरीशी एका माणसाच्या तिजोरीने किती काळ झुंजावे? १९९९ साली वरचा जीटी-१ वर्गच रद्द करावा लागला. जिंकणाऱ्याने सगळे जिंकले आणि शेवटी जिंकण्यासारखे काही उरले नाही. त्याच साली मर्सिडीजची पुढची गाडी ले माँला वाऱ्यावर उचलली जाऊन उलटली आणि कंपनीने तेथून माघार घेतली.

जीटी मात्र मेली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १९९९ चा मोसम खालच्या वर्गातील गाड्यांवर चालला आणि त्यात क्रायस्लरची व्हायपर पुढे राहिली. इंजिन पुढे असलेली, रस्त्यावर दिसते तीच गाडी. ती पळवणारा संघ फ्रान्सचा, ओरेका नावाचा. पुढे २००६ साली राटेल यांनीच जीटी-३ हा नवा वर्ग सुरू केला. त्याची मांडणी जुन्या अनुभवातून आलेली होती. कारखान्याने शर्यतीची गाडी बनवावी आणि विकावी, सुटे भाग व तंत्रज्ञ पुरवावेत, पळवण्याचे काम विकत घेणाऱ्या संघाने करावे. वेगवेगळ्या गाड्यांचा वेग जवळपास सारखा राहावा म्हणून वेगवान गाडीवर वजन चढवावे किंवा तिच्या इंजिनाची हवा कमी करावी. आज बेल्जियममधील स्पाच्या २४ तासांच्या शर्यतीत साठाहून अधिक जीटी-३ गाड्या रांगेत उभ्या राहतात. २०२४ पासून ले माँ व जागतिक एन्ड्युरन्स स्पर्धेतही जीटी गाड्यांसाठी हाच वर्ग आहे. पहिल्याच वर्षी ९ कंपन्यांच्या गाड्या तेथे आल्या, आणि प्रत्येक गाडीत किमान एक चालक हौशी श्रेणीचा असलाच पाहिजे, असा नियम आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, कारखाने ईर्ष्येने लढले तरच तंत्र पुढे जाते. आम्ही उलट विचारतो, १९९८ च्या त्या गाड्यांतून सामान्य खरेदीदाराच्या गाडीत काय उतरले? त्या रस्त्यासाठी नव्हत्याच. खरी प्रगती मॅकलारेनने रस्त्याची गाडी म्हणून घडवलेल्या सांगाड्यात होती, आणि ती शर्यतीच्या आधी झाली होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उत्तम गाडी बनवणाऱ्यावर वजन लादणे ही कारागिरीला शिक्षा नव्हे काय? हातकामावर पोट भरणाऱ्या आमच्या वाचकांना हा मुद्दा झोंबेल, आणि तो झोंबलाच पाहिजे. चांगल्या विणकराच्या मागाला दगड बांधावा, असे कोण म्हणेल? पण येथे कारागिराची परीक्षा निराळ्या जागी होते. गाडी टिकते किती, दुरुस्तीला सोपी किती, हौशी चालकाच्या हातात नीट वागते का, भाग वेळेवर मिळतात का, यांवर गिऱ्हाईक पुढच्या वर्षी कोणाकडे जाईल ते ठरते. नुसत्या वेगापेक्षा ही कसोटी सोपी नाही.

तरीही सावध राहावे लागेल. आज कारखाने आपले पगारी चालक आणि अभियंते खाजगी संघांना देतात आणि संघावर नाव मात्र दुसऱ्याचे असते. मदत आणि मागच्या दाराने प्रवेश यांतील रेषा बारीक आहे. ती पुसली गेली तर १९९८ परत यायला वेळ लागणार नाही. नियम करणाऱ्यांनी ही रेषा कागदावर स्पष्ट आखावी आणि मोठ्या नावाला पाहून ती वाकवू नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.

आपल्या पेठेतही हा सवाल रोजचा आहे. सूत विकणारा स्वतःच माग टाकतो, ठोक विक्रेता किरकोळ दुकानदाराच्या शेजारीच गाळा घेतो. पहिल्या हंगामात त्याला नफा दिसतो. दोन-तीन हंगामांनी ज्यांना माल विकायचा तेच उरत नाहीत. भांडवल मोठे असणे हा गुन्हा नाही. पण ज्याच्या जिवावर आपला माल बाजारात पोचला त्या गिऱ्हाईकाला जगू देणे, हा मोठ्या भांडवलाच्या फायद्याचाच व्यवहार आहे. युरोपातील बड्या कंपन्यांना हे समजायला एक आखी स्पर्धा गमवावी लागली. आपल्या व्यापाऱ्यांनी तेवढी किंमत मोजू नये.