शिकण्याची ‘शैली’ आणि गुणांची बेरीज

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत जी लगबग सुरू होते, तीत अलीकडच्या वर्षांत एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. आपला मुलगा किंवा मुलगी कोणत्या ‘शैली’ने शिकते, हे तज्ज्ञाकडून ठरवून घेणे, हा तो प्रकार होय. मूल ‘दृक्’ प्रकारचे आहे, ‘श्राव्य’ प्रकारचे आहे की हातांनी करून शिकणारे आहे, हे एखादी प्रश्नावली भरून घेऊन सांगितले जाते. काही ठिकाणी तर दहाही बोटांचे ठसे घेऊन तेच निदान केले जाते. अहवाल रंगीत असतो, त्यात टक्केवारी असते, आणि अखेरीस सल्ला असतो. ‘दृक्’ मुलाने आकृत्या काढून व रंगीत पेनांनी खुणा करून अभ्यास करावा, ‘श्राव्य’ मुलाने धडे ऐकावेत, ‘कृतिशील’ मुलाने फिरत फिरत वाचावे. असे केले की गुण वाढतील. पालक काही हजार रुपये मोजून हे ऐकतात आणि घरी येऊन त्याप्रमाणे मुलाच्या अभ्यासाची फेरमांडणी करतात. पैसे गेले तर ते परत मिळवता येतात. परीक्षेपूर्वीचे चार महिने तसे मिळवता येत नाहीत. म्हणून या सल्ल्यात तथ्य किती, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

ही कल्पना लबाडांनी रचलेली आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांनी १९९२ साली आपल्या एका सहकारी महिलेसह जी प्रश्नावली पुढे आणली, ती आज जगभर सर्वाधिक वापरली जाते. पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि करून, असे चार कल तीत मानलेले आहेत. विद्यार्थ्याने स्वतःच्या सवयींकडे डोळसपणे पाहावे, हा त्यामागील हेतू चांगलाच होता. पुढे मात्र या विषयाला इतके फाटे फुटले, की २००४ साली ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजदाद केली तेव्हा शिकण्याच्या शैलींची तब्बल ७१ वर्गीकरणे आढळली. एकाच मुलाला एका वर्गीकरणाने एक नाव द्यावे आणि दुसऱ्याने त्याच्याशी काही संबंध नसलेले दुसरे द्यावे, अशी ही अवस्था आहे. जे शास्त्र ७१ तोंडांनी बोलते, त्याच्या आधारे इयत्ता दहावीतील मुलाच्या दिनक्रमाची आखणी करण्यापूर्वी कोणीही थोडे थबकेल.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते आणि सारा घोटाळा त्या गल्लतीतून निर्माण होतो. काही मुलांना चित्रे पाहायला आवडतात, काहींना गोष्ट ऐकायला आवडते, हे निर्विवाद आहे. आवड असते, याबद्दल वाद नाही. वाद पुढच्या पायरीबद्दल आहे. ज्याला चित्रे आवडतात त्याला चित्रांवाटे शिकवले तर तो अधिक शिकेल, आणि ऐकून शिकवले तर कमी शिकेल, असा जो दावा केला जातो, तो सिद्ध झाला आहे काय? तो सिद्ध करण्याची रीत अवघड नाही. मुलांची आवडीप्रमाणे वर्गवारी करावी, मग प्रत्येक वर्गातील निम्म्या मुलांना एका रीतीने व निम्म्यांना दुसऱ्या रीतीने शिकवावे, कोणाला कोणती रीत मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, आणि सर्वांची एकच परीक्षा घ्यावी. ‘दृक्’ मुले पाहण्याच्या रीतीत आणि ‘श्राव्य’ मुले ऐकण्याच्या रीतीत सरस ठरली, तर दावा खरा. २००८ साली हॅरोल्ड पॅशलर, मार्क मॅकडॅनियल, डग रोरर आणि रॉबर्ट ब्योर्क या चार अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ही कसोटी लावून उपलब्ध संशोधनाची झडती घेतली. या कसोटीला उतरतील असे अभ्यास फारच थोडे निघाले, आणि त्यांतील अनेकांचे निष्कर्ष दाव्याच्या विरुद्ध होते. शैलीनुसार अध्यापन करण्यास पुरेसा आधार नाही, असा स्पष्ट निर्वाळा त्यांनी दिला.

यावर कोणी म्हणेल, की हे अध्यापनाचे झाले. विद्यार्थ्याने घरी आपल्या शैलीप्रमाणे अभ्यास केला तर? त्याचेही उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकणाऱ्या काहीशे विद्यार्थ्यांना फ्लेमिंग यांचीच प्रश्नावली देऊन, ते प्रत्यक्षात अभ्यास कसा करतात आणि गुण किती मिळवतात, हे पाहण्यात आले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन गोष्टी दिसल्या. बहुतेक विद्यार्थी आपल्या ‘शैली’प्रमाणे अभ्यास करीतच नव्हते, आणि जे करीत होते त्यांना इतरांपेक्षा जास्त गुण मिळालेले नव्हते. असे असूनही शिक्षकांचा या कल्पनेवरचा विश्वास ढळलेला नाही. २०१२ साली ब्रिटन व नेदरलँड्समधील शिक्षकांना विचारले असता दहांपैकी नऊहून अधिकांनी ती खरी मानली होती. महाराष्ट्रातील पालक तीवर विश्वास ठेवतात म्हणून त्यांना हसण्याचे कारण नाही.

बोटांच्या ठशांचा प्रकार मात्र निराळा आहे आणि त्याबाबत इतके सौम्य राहता येत नाही. प्रश्नावली निदान मुलाला काही विचारते. ठसे घेणारा तेवढेही करीत नाही. या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये जाहीर केले होते. या चाचणीवाल्यांकडून हॉवर्ड गार्डनर यांचे नाव वारंवार घेतले जाते. गार्डनर यांनी १९८३ साली बुद्धिमत्तेच्या अनेक प्रकारांचा सिद्धांत मांडला हे खरे. परंतु आपल्या सिद्धांताची शिकण्याच्या शैलींशी गल्लत करू नये, असे त्यांनी स्वतः पुढे सांगितलेले आहे. राज्य शासनाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलमापन चाचणी घेतली होती. तीही पुढे कोणत्या क्षेत्राकडे ओढा आहे एवढेच पाहण्यासाठी होती. ओढा कोठे आहे हे कळले म्हणून धडा लक्षात कसा राहील हे कळत नाही.

वास्तविक कोणता विषय कोणत्या इंद्रियाने शिकावयाचा, हे विषयच ठरवीत असतो. सह्याद्रीचे घाट आणि नद्यांची खोरी नकाशावाचून कळत नाहीत, मग मूल कितीही ‘श्राव्य’ असो. इंग्रजीचे उच्चार ऐकल्यावाचून जमत नाहीत. परीक्षानळीतील अवक्षेप एकदा स्वतः पाहिलेला बरा, आणि बीजगणितातील उदाहरण कागदावर सोडवल्यावाचून कोणालाच येत नाही. आपल्याच परंपरेकडे पाहिले तर वेदपाठशाळांतून पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी शतकानुशतके केवळ कानावाटे अध्ययन झाले. तेथे विद्यार्थी निवडताना ‘श्राव्य’ शैलीची मुले वेगळी काढीत नव्हते. जो येई त्याला त्याच रीतीने संथा मिळे.

या शिक्क्यांचा दुष्परिणाम पैशांपुरता नसतो. ‘तू करून शिकणारा आहेस’ असे एकदा सांगितले की इतिहासाचा धडा वाचण्याचा कंटाळा हा त्या मुलाचा स्वभावधर्म ठरतो. न येणाऱ्या गोष्टीशी झुंजण्याऐवजी ती आपल्यासाठी नाहीच, असे मानण्याची त्याला मुभा मिळते. आणखी एक धोका याहून गंभीर आहे. काही मुलांना वाचनात खरोखरच अडचण असते. अक्षरे उलटसुलट होतात, ओळ निसटते, लिहिताना शब्द तुटतात. ती अध्ययन-अक्षमता असते. तिची रीतसर तपासणी होऊ शकते, तिच्यावर खास अध्यापनाचा उपाय आहे, आणि अशा विद्यार्थ्यांना राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ व लेखनिक यांसारख्या सवलतीही आहेत. अशा मुलाला ‘हा दृक् प्रकारचा, याला वाचन मानवत नाही’ असे सांगून घरी पाठवले, तर मदत मिळण्याची मोलाची वर्षे निघून जातात. ज्या घरात या अक्षमतेचे नावही कधी ऐकलेले नाही, तेथे रंगीत अहवाल हाच अखेरचा शब्द मानला जाण्याची भीती अधिक.

मग गुण वाढतात कशाने? सुदैवाने या प्रश्नावर संशोधन मुके नाही. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते, की पाठ केलेले आरंभी झपाट्याने विसरले जाते, आणि एकाच बैठकीत केलेल्या उजळणीपेक्षा दिवसादिवसांच्या अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते. रोडिगर व कार्पिक या दोघा अमेरिकी संशोधकांचा २००६ मधील प्रयोग तर प्रत्येक शाळेच्या शिक्षक-खोलीत चर्चिला जावा असा आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, उतारा समोर न ठेवता, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता: त्याला ८३ टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने पुन्हा पाहिले तर वाचणाऱ्यांजवळ ४० टक्के शिल्लक होते आणि लिहिणाऱ्यांजवळ ६१. विशेष असे, की आपल्याला पुढे अधिक आठवेल असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

हा शेवटचा तपशील फार बोलका आहे. पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो, आणि ओळखीचा झाला म्हणजे आला, असे वाटू लागते. परीक्षेच्या दालनात पुस्तक समोर नसते. तेथे ओळख कामाला येत नाही, आठवण लागते. रात्री जागून गाइडाची पाने पिवळ्या पेनने रंगवणारा विद्यार्थी कष्ट करीत नाही, असे कोण म्हणेल? परंतु त्याचे कष्ट चुकीच्या जागी पडत असतात. जॉन डनलॉस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा प्रचलित रीती तपासल्या, तेव्हा खुणा करणे व पुनर्वाचन यांना खालचा क्रम मिळाला. स्वतःची चाचणी घेणे आणि अंतराअंतराने उजळणी करणे या दोनच रीती सर्वांत उपयुक्त ठरल्या. निरनिराळ्या वयांच्या आणि कुवतीच्या विद्यार्थ्यांना त्यांचा लाभ होतो, असेही त्यांना आढळले.

मराठी घरांना यात अगदीच नवे काही वाटू नये. दिवेलागणीला शुभंकरोतीनंतर परवचा म्हणण्याची जी चाल होती, तीत या दोन्ही गोष्टी होत्या. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी पुस्तकाशिवाय म्हणावी लागत, आणि ती रोज म्हणावी लागत. घोकंपट्टीविरुद्ध शिक्षणसुधारकांनी जो आवाज उठवला तो रास्तच होता. अर्थ न कळता धडेच्या धडे ओकणारी मुले तयार करणे हे शिक्षण नव्हे. पण घोकंपट्टीला हाकलताना आठवून पाहण्याची सवयही तिच्यासोबत घराबाहेर गेली. या दोहोंत फरक आहे. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या शब्दशः पाठ असणे निराळे, आणि पुस्तक मिटून ‘पान अन्न कसे तयार करते’ हे स्वतःच्या भाषेत सांगता येणे निराळे. दुसरी गोष्ट समजल्यावाचून साधत नाही, आणि समजले नाही हेही ती ताबडतोब दाखवून देते.

घरी हे करण्यास फार साहित्य लागत नाही. धडा वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे, मग पुस्तकाशी ताडून जे सुटले तेवढेच पुन्हा वाचावे. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने हेच करावे. गणिताची एकाच प्रकारची वीस उदाहरणे ओळीने सोडवण्यापेक्षा निरनिराळ्या प्रकरणांतील उदाहरणे मिसळून घ्यावीत. कारण प्रश्नपत्रिकेत कोणते सूत्र लावावयाचे हे कोणी सांगत नाही. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात, उत्तरे शेजारी ठेवून वाचू नयेत. आईवडिलांचे स्वतःचे शिक्षण बेताचे असले तरी बिघडत नाही. समोर बसून ‘आज काय शिकलास ते सांग’ एवढे म्हणणे त्यांनाही शक्य आहे. आरंभी मुलाला याचा त्रास होईल, कारण आठवत नाही हे कबूल करणे कोणालाच आवडत नाही. शैलीनुसार अभ्यास करताना बरे वाटते आणि या रीतीने बरे वाटत नाही, ही खरी अडचण आहे, आणि पालकांनी धीर द्यावयाचा तो येथे.

अर्थात, सर्व दोष अभ्यासाच्या रीतीवर टाकून चालणार नाही. ज्या शाळेत गणिताचा शिक्षकच नाही, किंवा ज्या मुलीला पाणी भरून व भावंडे सांभाळून उरलेल्या तासात वही उघडावी लागते, तेथे उजळणीचे वेळापत्रक ही चैन वाटेल. तरीही महाग शिकवणी न परवडणाऱ्या मुलांनाच या रीतीचा उपयोग अधिक आहे, कारण तिला एक पैसाही पडत नाही.

शाळांनाही येथे करण्यासारखे आहे. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाची शैली हेरून चार प्रकारे शिकवा, असे प्रशिक्षणवर्गात सांगितले जाते तेव्हा शिक्षक मान डोलावतात आणि वर्गात जाऊन पूर्वीप्रमाणे शिकवतात. त्यांना दोष देता येत नाही. त्याऐवजी तासाची पहिली पाच मिनिटे पाच प्रश्नांना द्यावीत: दोन कालच्या पाठावर, दोन मागील आठवड्यातील, एक मागील महिन्यातील. मुलांनी वह्या मिटून उत्तरे लिहावीत, आणि मग फळ्यावरील उत्तरांशी स्वतःच ताडून पाहावीत. गुण द्यावयाचे नसल्याने तपासणीचे ओझे वाढत नाही, आणि वर्गाला काय आलेले नाही, हे शिक्षकाला घटक चाचणीपूर्वीच कळते.