सशांचे पाणी आणि युरियाचा हिशेब

ससेपालनाचा जोडधंदा सुचविताना पिंजरे, जात आणि चारा यांचा खर्च काटेकोरपणे मांडला जातो. पाण्याच्या रकान्यात मात्र बहुधा शून्य असते. विहीर घरची, तेव्हा पाणी फुकट! केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार महाराष्ट्रातील तपासलेल्या नमुन्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅम या भारतीय मानकाच्या वर आढळले. तेव्हा हे शून्य तपासून पाहणे भाग आहे.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. पोटातील जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि नायट्राइटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती खुंटते. रक्त चॉकलेटी होते, ओठ निळसर पडतात, जनावर धापा टाकते.

तथापि सशाच्या बाबतीत अतिशयोक्ती नको. गाय-म्हशीच्या कोठीपोटात अन्न आधी आंबते, म्हणून त्यांना हे विष लवकर बाधते. सशाचे आंबवण अंधनालात, लहान आतड्याच्या पुढे होते. तोवर बरेचसे नायट्रेट शोषले गेलेले असते. अमेरिकेतील १९७२ च्या जलगुणवत्ता निकषांनी पशुधनासाठी १०० मिलिग्रॅम नायट्रोजनची, म्हणजे सुमारे ४४० मिलिग्रॅम नायट्रेटची, मर्यादा सुचविली होती. (प्रयोगशाळेचा आकडा नायट्रेटचा की नायट्रोजनचा, हे न पाहणारा साडेचार पटींनी चुकतो.) साठ-सत्तर मिलिग्रॅमच्या विहिरीवर ससे पटापट मरतील, असे मुळीच नव्हे.

खरा धोका निराळा आहे. नायट्रेट सहसा एकटे येत नाही. उकिरडा किंवा शोषखड्डा विहिरीत झिरपत असेल, तर त्याच वाटेने रोगजंतूही येतात. नुकत्याच आईपासून तोडलेल्या पिलांना हगवण लागते आणि दोन-तीन दिवसांत पिंजरा रिकामा होतो. दोष मग खाद्याला दिला जातो.

दुसरी वाट शेतातून येते. २०१० मध्ये इतर खतांचे अनुदान पोषणमूल्यावर ठरू लागले, युरिया मात्र त्यातून वगळला गेला. ४५ किलोची गोणी, कर व कडुनिंबलेपाचा आकार सोडून, २४२ रुपयांना मिळते. इतके स्वस्त नत्र हात सैल सोडून टाकले जाणारच. पिकाने न उचललेला अंश पावसाबरोबर खाली उतरतो. अनुदानाची रक्कम अर्थसंकल्पात दिसते, विहिरीतील ही दुसरी रक्कम कोठेच दिसत नाही. ती भरते कोण? वीस ससे पाळणारी भूमिहीन बाई, जिने युरियाची गोणी कधी विकत घेतलेली नाही.

युरियाचे अनुदान एका झटक्यात काढणे कोरडवाहू शेतकऱ्यावर अन्याय ठरेल. दर टप्प्याटप्प्याने वाढवून तीच रक्कम एकरी रोखीने परत देता येईल. त्याआधी एक स्वस्त काम आहे: ससेपालनाचे कर्ज मंजूर करताना बँकेने जातीच्या दाखल्याइतक्याच आग्रहाने विहिरीच्या पाण्याचा तपासणी-अहवाल मागावा, आणि तोही पावसाळ्यानंतरचा.