टोचणारे मोकळेच

रिओ ऑलिम्पिकमधली नरसिंह यादवची कुस्ती १९ ऑगस्ट २०१६ रोजी व्हायची होती. आदल्या दिवशी क्रीडा लवादाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली आणि तीनदा ‘महाराष्ट्र केसरी’ ठरलेला मल्ल मॅटवर न उतरताच परतला. आपल्याला कोणीतरी उत्तेजक खाऊ घातले, हे त्याचे म्हणणे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या (‘नाडा’) समितीने मानले होते; पण लवादाने पुरावा मागितला, तो मिळाला नाही.

नियम कडक आहे आणि तो तसाच हवा. अंगात जे सापडेल त्याला खेळाडू जबाबदार. खोकल्याच्या औषधातून टर्ब्युटालिन पोटात गेले म्हणून क्रिकेटपटू पृथ्वी शॉवर २०१९ मध्ये आठ महिन्यांची बंदी आली. सांघिक खेळात एकाच स्पर्धेत दोनपेक्षा अधिक जण दोषी निघाले, तर संघावरही कारवाई होते.

पण देणाऱ्याचे काय? २०११ मध्ये भारताच्या ४ बाय ४०० मीटर रिलेच्या धावपटू स्टेरॉइड चाचणीत सापडल्या. प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांकडे त्यांनी बोट दाखवले. मुलींवर दोन वर्षांची बंदी आली. परदेशी प्रशिक्षकाची तेव्हा नोकरी तेवढी गेली.

बुलढाणेकरांनी हे दिल्ली-मुंबईचे दुखणे समजू नये. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी आणि संध्याकाळी जिममध्ये घाम गाळणारी पोरे खामगाव, चिखली, मेहकरातही आहेत. बिल नसलेला पावडरचा डबा किंवा डॉक्टरच्या चिठ्ठीविना इंजेक्शन त्यांच्या हाती कोण ठेवतो? अनेकदा ज्याला ते ‘सर’ म्हणतात, तोच. जागतिक उत्तेजकविरोधी संहितेत उत्तेजक देणाऱ्याला चार वर्षांपासून आजन्म बंदीपर्यंत शिक्षा आहे; पण कोणत्याच क्रीडा संघटनेत नाव नसलेल्या जिमवाल्याला आणि औषध दुकानदाराला बंदीची कसली भीती? २०२२ च्या उत्तेजकविरोधी कायद्याचा रोखही खेळाडू आणि त्याच्या चमूवरच आहे.

जिमवाल्यांवर आणि दुकानदारांवर औषध कायदाच चालवावा लागेल. अन्न व औषध प्रशासनाने जिल्ह्यातल्या जिम आणि औषध दुकानांची तपासणी करावी. जिल्हा क्रीडा कार्यालयाने प्रत्येक स्पर्धेआधी खेळाडूंना आणि पालकांना बंदी असलेल्या औषधांची माहिती द्यावी. खासदार प्रतापराव जाधव केंद्रात आरोग्य राज्यमंत्री आहेत. त्यांनी हा विषय आपल्या जिल्ह्यापासून हाती घ्यावा. आणि पोरांनो, डबा उघडण्याआधी बिल मागा. जो बिल देत नाही, तो उद्या तुमच्या बाजूने साक्षही देणार नाही.